मौनाचा अर्थ : बाह्य कळ आणि नियंत्रक यांच्या जोडणीचा इतिहास

१

मराठीत ‘कळ’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. कळ दाबली की यंत्र चालू होते; कळसूत्री बाहुली दोऱ्याच्या ओढीने नाचते; आणि कोणी कळ लावली की दोन घरांत भांडण पेटते. या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एकच कल्पना दिसते : कारण लहान, कार्य मोठे, आणि कारण एका ठिकाणी, तर कार्य दुसऱ्या ठिकाणी. आधुनिक नियंत्रक-यंत्रणेत बाहेरील स्विच किंवा संवेदक जे कार्य करतो त्याचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. स्विच स्वतः मोठे काम करीत नाही. तो दुसरीकडे बसविलेल्या नियंत्रकास केवळ वर्दी देतो, आणि पुढचे काम नियंत्रक करतो.

ही वर्दी तारेवरून जाते, आणि खरा प्रश्न तेथेच उद्भवतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे साधे उदाहरण घ्यावे. टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी भरले की गोळा वर येतो, त्याला जोडलेल्या स्विचची टोके जुळतात, तारेतून प्रवाह वाहू लागतो आणि तळमजल्यावरील नियंत्रक पंप थांबवितो. ही रचना वर्षभर उत्तम चालेल. परंतु एखादे दिवशी उंदराने तार कुरतडली तर टाकी भरेल, गोळा वर येईल, टोकेही जुळतील. पण खाली काहीच कळणार नाही. ‘टाकी अद्याप भरलेली नाही’ आणि ‘तार तुटली आहे’ या दोन अगदी भिन्न गोष्टींत नियंत्रकाच्या लेखी कोणताच भेद उरत नाही. कारण दोहोंचे चिन्ह एकच, आणि ते म्हणजे मौन.

टाकीच्या बाबतीत थोडे पाणी वाया जाईल, इतकेच. परंतु त्याच रचनेवर आगगाडीचा सिग्नल अवलंबून असेल तर माणसांचे प्राण जातात. तारेच्या मौनाला कोणता अर्थ द्यावयाचा, या एका प्रश्नाभोवती बाह्य कळ आणि नियंत्रक यांच्या जोडणीचा इतिहास कसा फिरत आला आहे, ते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

दूरच्या क्षीण प्रवाहाने जवळची मोठी शक्ती मुक्त करावयाची, ही युक्ती जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे दाखविली. लांब तारेतून आलेला प्रवाह इतका दुर्बळ होतो की त्याच्याकडून कोणतेही अवजड काम होत नाही. परंतु एका विद्युत्-चुंबकाकरवी धातूची हलकी पट्टी ओढण्याइतके बळ त्यात असते. ती पट्टी दुसऱ्या, जवळच्या परिपथाची टोके जोडते आणि तेथील ताजी विद्युत्-शक्ती काम करू लागते. हाच रिले होय. या शब्दाचा उगम फ्रेंच भाषेत आहे. शिकारीत थकलेल्या कुत्र्यांच्या जागी ताजी कुत्री सोडण्यासाठी, आणि पुढे प्रवासात थकलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जुंपण्यासाठी, तो वापरला जाई. मराठीतील ‘डाक’ या शब्दाचाही जुना अर्थ टप्प्याटप्प्यावर उभे केलेले ताजे घोडे अथवा जासूद असाच होता. तारायंत्राने डाकेची जागा घेतली असे आपल्याकडे म्हटले जाते. वस्तुतः तारायंत्राच्या पोटात डाकेचीच कल्पना नव्या रूपाने नांदत होती.

१८५३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली त्याच वर्षी, बॉस्टनजवळच्या समरव्हिल येथील ऑगस्टस पोप याने चोरघंटेचे एकस्व मिळविले. दारे-खिडक्यांना स्विच बसविलेले असत. दार उघडले की स्विचची टोके जुळत, विद्युत्-घटातून प्रवाह वाहू लागे आणि विद्युत्-चुंबकाच्या योगाने घंटा वाजे. बाह्य कळ आणि तिने चालविलेले यंत्र यांची ही घरगुती जोडणी आजच्या अनेक यंत्रणांची पूर्वज मानावयास हरकत नाही. तथापि तिच्यातील उणीव उघड आहे. एरवी तारेत प्रवाह नसे, आणि प्रवाह नसणे याचाच अर्थ ‘सर्व ठीक’ असा होता. चोराने प्रथम तार कापली तर घंटा वाजण्याचे कारणच उरत नसे. मौनाला सुरक्षिततेचा अर्थ दिला की मौन साधणारा प्रत्येक जण, मग तो चोर असो वा उंदीर असो, यंत्रणेला फसवू शकतो.

३

हा अर्थ जाणीवपूर्वक उलटविण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. विशेष हे की त्याने आधी चुकीची रचना केली, ती प्रत्यक्ष चालवून पाहिली आणि तिच्यातील दोष ओळखून मगच तो नव्या तत्त्वाकडे वळला.

१८७० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातील किन्झुआ येथे त्याने स्वयंचलित सिग्नल उभारला. रुळालगत एक तरफ असे. मार्गखंडात शिरणाऱ्या गाडीचे चाक त्या तरफेवर दाब देई, टोके जुळत, रिलेला वर्दी पोहोचे आणि सिग्नल धोका दाखवी. गाडी बाहेर पडताना दुसऱ्या तरफेवरून जाई आणि सिग्नल पुन्हा मोकळा होई. ही रचना चालत होती. परंतु रॉबिन्सनला तिच्यातील धोके जाणवले. आत शिरलेल्या गाडीचे मागचे डबे सुटून मार्गावरच राहिले, आणि पुढचा भाग मात्र दुसऱ्या तरफेवरून निघून गेला, तर सिग्नल ‘मार्ग मोकळा’ असे सांगणार. बाजूच्या रुळावरून एखादा डबा मधल्या मध्ये मार्गावर आला तर कोणतीच तरफ हलणार नाही. तार तुटली तर गाडी आत असूनही सिग्नल तसाच मोकळा राहणार. थोडक्यात, ही यंत्रणा गाडी ‘आहे’ हे पाहत नव्हती. ती ‘आली’ आणि ‘गेली’ या दोन घटना तेवढ्या ऐकत होती, आणि न ऐकू आलेली घटना घडलीच नाही असे समजत होती.

रॉबिन्सनने काढलेला तोडगा २० ऑगस्ट १८७२ रोजी एकस्वाने नोंदला गेला. त्याने रुळांनाच तारा बनविले. मार्गाचा एक खंड दोन्ही टोकांस विद्युत्-रोधक सांध्यांनी अलग करावयाचा. एका टोकास दोन रुळांना विद्युत्-घट जोडावयाचा आणि दुसऱ्या टोकास रिले. मार्ग मोकळा असेल तेव्हा प्रवाह एका रुळातून जाऊन रिलेमार्गे दुसऱ्या रुळातून परत येतो आणि रिलेची पट्टी ओढलेली राहते. गाडी आली की तिची लोखंडी चाके व आस दोन रुळांना थेट जोडतात. प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिलेला तो मिळत नाही, पट्टी आपल्याच भाराने खाली पडते आणि सिग्नल धोका दाखवितो. एकच डबा मागे राहिला तरी हेच घडते. घट संपला, तार तुटली, रूळ भंगला, तरीही हेच घडते. मोकळ्या मार्गाची ग्वाही देण्यासाठी प्रवाहाला अखंड वाहत राहावे लागते. तो थांबला की थांबण्याचे कारण कोणतेही असो, अर्थ एकच : धोका.

अमेरिकेतील तारायंत्राच्या मार्गांवर विश्रांतीच्या वेळीही प्रवाह वाहता ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे अखंड प्रवाहाची कल्पना नवी नव्हती. नवे होते ते त्या प्रवाहाच्या अभावाला दिलेले स्थान. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकांस येथे ‘लोप’ या संकल्पनेचे स्मरण होईल. पाणिनीच्या मते लोप म्हणजे निव्वळ काही नसणे नव्हे. जे असावयास हवे त्याचे न दिसणे म्हणजे लोप, आणि लुप्त झालेला प्रत्ययही आपले कार्य करतो. मराठीत ‘करा’ या आज्ञार्थी रूपाशेजारी ‘कर’ हे रूप ठेवले की प्रत्ययाचा अभावच ‘तू’ हा कर्ता सांगतो. पण ‘करा’ हे रूप भाषेत आहे म्हणूनच ‘कर’ मधील अभाव बोलका होतो. रॉबिन्सनच्या रुळांतही हेच घडले. प्रवाह नेहमीचा झाला, म्हणूनच त्याचा लोप अर्थपूर्ण झाला. पोपच्या तारेत प्रवाह एरवी नव्हताच. त्यामुळे तिच्यातील मौनाचा अर्थ लावणे अशक्य होते.

४

हे तत्त्व रुजण्यास बराच काळ लागला, आणि त्याची किंमत मोजावी लागली. स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे २२ मे १९१५ रोजी मुख्य मार्गावर उभी करून ठेवलेली एक स्थानिक गाडी सिग्नल-कर्मचाऱ्यांच्या विस्मरणात गेली. सैनिकांना घेऊन येणारी गाडी तिच्यावर आदळली, आणि पाठोपाठ आलेली जलद गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या जागी रूळ-परिपथ नव्हता. तो असता तर कर्मचारी विसरले तरी रूळ विसरले नसते. उभ्या गाडीनेच सिग्नल अडवून धरला असता.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली, आणि १९२८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या भागात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. स्वयंचलित सिग्नल म्हणजे गाडीच्या उपस्थितीनेच बदलणारा सिग्नल. विद्युत् रेल्वेत इंजिनाचा परतीचा प्रवाहही रुळांतूनच जातो. मुंबईत तो त्या काळी एकदिश होता. अशा ठिकाणी रूळ-परिपथासाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरून रिलेने तेवढाच ओळखावा अशी योजना करावी लागते. अन्यथा इंजिनाच्याच प्रवाहाने रिले उचलला जाईल आणि गाडी असतानाही मार्ग मोकळा दिसेल. ग्वाही देणारा आवाज कोणाचा आहे याची ओळख पटणे आवश्यक असते, हा धडा येथे स्पष्ट होतो. पुढील इतिहासात तो पुन्हा भेटणार आहे.

५

येथवरच्या विवेचनात ‘उघडा’ आणि ‘बंद’ हे शब्द परिपथासंबंधी हेतुतः टाळले आहेत. इंग्रजीत ज्या परिपथाची टोके जुळलेली असतात व ज्यातून प्रवाह वाहतो त्यास बंद म्हणतात, आणि ज्याची टोके विलग असतात त्यास उघडा. पाठ्यपुस्तकांत हेच शब्द मराठीत आले. परंतु बोलभाषेत ‘दिवा बंद कर’ याचा अर्थ प्रवाह थांबव असा होतो. म्हणजे व्यवहारातील ‘स्विच बंद’ हा शास्त्रातील ‘परिपथ उघडा’ होय. ‘सामान्यतः बंद’ अशी चिठ्ठी लावलेला स्विच पाहून मराठी कारागिराने कोणता अर्थ घ्यावा? पुस्तकाचा घेतला तर विश्रांतीच्या अवस्थेत प्रवाह वाहतो. घरातला घेतला तर वाहत नाही. एकाच शब्दाने नेमके विरुद्ध अर्थ निघावेत आणि त्यांपैकी एक जीवघेणा असावा, अशी उदाहरणे भाषेत फार नसतील. म्हणून परिपथाविषयी ‘अखंड’ व ‘खंडित’, आणि स्विचच्या टोकांविषयी ‘जुळलेली’ व ‘विलग’ ही विशेषणे अधिक निर्दोष होत.

६

विसाव्या शतकात रिलेच्या जागी हळूहळू इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली. एक्लस आणि जॉर्डन या इंग्रज संशोधकांनी १९१८ साली दोन निर्वात नळ्यांचा एक परिपथ तयार केला. क्षणिक वर्दी मिळताच तो एका स्थिर अवस्थेतून दुसऱ्या स्थिर अवस्थेत जाई आणि तेथेच राही. त्यांनी त्याला जे नाव दिले त्यात बंदुकीचा चाप आणि रिले हे दोन्ही शब्द एकत्र आले होते. मराठीतील ‘कळ’ या एका शब्दात त्या जोडनावाचा बहुतेक आशय सामावतो.

परंतु नव्या नियंत्रकाचा कान जुन्या रिलेपेक्षा फार तीक्ष्ण होता, आणि त्यातून नव्या अडचणी निर्माण झाल्या. धातूची दोन टोके जुळताना काही सहस्रांश सेकंद एकमेकांवर उड्या घेतात. मंद रिलेला त्याची दखलही नसे. इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र मात्र एकदा दाबलेली कळ पाच-सात वेळा दाबली असे मोजते. तसेच त्याचे जे टोक कशालाच जोडलेले नाही ते शून्य दाब दाखवील असा भरवसा नसतो. अधांतरी टोक आसपासच्या विद्युत्-क्षोभाने कधी एक तर कधी शून्य वाचते. म्हणून एका रोधकाने त्या टोकास निश्चित दाबाशी बांधून ठेवतात, म्हणजे स्विच विलग असतानाही त्याचा अर्थ ठरलेला राहतो. मौन निःसंदिग्ध करण्याचाच हा प्रकार होय.

ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या परिपथाने आणखी एक प्रश्न सोडविला. त्यात दोन उंबरठे असतात : वरचा ओलांडल्यावाचून ‘एक’ होत नाही आणि खालचा ओलांडल्यावाचून ‘शून्य’ होत नाही. आजच्या औद्योगिक नियंत्रकांतही २४ व्होल्टच्या जोडणीत ढोबळमानाने ५ व्होल्टपर्यंत शून्य आणि १५ व्होल्टपासून एक असा संकेत असतो. मधला पट्टा कोणाचाच नाही. प्रत्यक्ष उच्चारात ध्वनीच्या अगणित छटा असतात, पण भाषा त्यांतून मोजकेच वर्ण वेगळे मानते. तसाच हा प्रकार आहे. दाब अखंड बदलतो, अर्थ मात्र दोनच.

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या भिंतीएवढ्या कपाटांऐवजी आज्ञावलीने बदलता येईल असा नियंत्रक मागितला. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक त्यातून सिद्ध केला. कारागिरांना ओळखीची वाटावी म्हणून त्याची आज्ञावली रिलेच्या शिडीसारख्या आकृत्यांतच लिहिली जाई. येथे एक मार्मिक घोटाळा होतो. यंत्र थांबविण्याचे बटण रॉबिन्सनच्या तत्त्वानुसार असे जोडतात की न दाबलेल्या स्थितीत प्रवाह वाहतो, आणि दाबले किंवा तार तुटली तर तो थांबतो. त्यामुळे आज्ञावलीत त्या बटणासाठी विलग टोकांचे चिन्ह काढावे लागते. कारण ते चिन्ह ‘येथे प्रवाह आहे काय?’ एवढेच विचारते. स्विच एका प्रकारचा, त्याचे चिन्ह दुसऱ्या प्रकारचे! नवशिका दोन्ही सारखे करू पाहतो आणि दुहेरी नकाराच्या जाळ्यात सापडतो. मग यंत्र चालत नाही म्हणून त्याने तारांची जोडणी उलटविली की यंत्र चालू लागते. पण तार तुटल्यावर ते थांबेनासे होते.

मोजमाप करणाऱ्या संवेदकांच्या बाबतीतही हाच विचार स्थिरावला. त्यांचा प्रचलित संकेत ४ ते २० मिलिअँपिअर असा आहे. सर्वांत कमी मापासाठीही ४ मिलिअँपिअर वाहतात, म्हणून शून्य प्रवाहाचा अर्थ ‘माप शून्य’ असा न होता ‘तार तुटली’ असा होतो. आगीची वर्दी देणाऱ्या यंत्रणेत तारेच्या शेवटच्या टोकास एक रोधक बसवितात. ठरलेला अल्प प्रवाह म्हणजे स्वस्थता, अधिक प्रवाह म्हणजे आग, आणि प्रवाहाचा अभाव म्हणजे बिघाड. गच्चीवरील उंदराने उभा केलेला प्रश्न येथे सुटतो : मौनाला स्वतःचा असा तिसरा अर्थ मिळतो.

७

तरीही या तत्त्वाला मर्यादा आहे, आणि ती इतिहासाने निर्दयपणे दाखविली आहे. अखंड प्रवाहाचे तत्त्व तुटलेल्या तारेपासून रक्षण करते. नको तेथे चिकटलेल्या तारेपासून करीत नाही. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ १२ डिसेंबर १९८८ रोजी झालेल्या अपघातात ३५ माणसे मरण पावली. नव्या सिग्नल-जोडणीच्या कामात एक जुनी तार एका टोकाने सोडविली गेली, पण ती कापली नाही व तिचे टोक गुंडाळले नाही. आदल्या दिवशी शेजारच्या रिलेवर काम झाले, तेव्हा ती हलली आणि आपल्या जुन्या जागी टेकली. तिच्यातून रिलेला प्रवाह मिळू लागला. मार्गखंडात गाडी असूनही सिग्नल लाल झाला नाही. यंत्रणेची प्रत्येक वस्तू आपापल्या परीने निर्दोष होती. ‘मार्ग मोकळा’ हे वाक्य मात्र तिच्या मुखातून एका परक्या तारेने बोलविले. चौकशीत हेही उघड झाले की जोडणी करणाऱ्या कारागिराला आधीच्या १३ आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती, आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासले नव्हते.

भारतात २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा उपमार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल-परिपथात पूर्वी केलेल्या फेरबदलातील चुका, आणि त्या दिवशी फाटकाच्या विद्युत्-अडसराचे काम करताना झालेल्या चुका ही कारणे आढळली. तारांच्या टोकांवरील नावनिशाण्या प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हत्या. म्हणजे तेथे तार मुकी नव्हती. ती बोलत होती, पण सांध्याविषयी खोटे बोलत होती, आणि तिच्यावर लिहिलेले नाव तिला साथ देत होते.

८

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रॉबिन्सनची : मौनाचा अर्थ आधी ठरवावा, आणि तो नेहमी सावधगिरीचा असावा. दुसरी, क्लॅपहॅम व बहानगा येथे रक्ताने लिहिली गेलेली : बोलणाऱ्या तारेची ओळख पटलेली असावी. पहिलीची हमी परिपथाच्या रचनेने देता येते. दुसरीची हमी अखेर माणसांवर अवलंबून राहते : तार सोडविणाऱ्यावर, तिला नाव देणाऱ्यावर, त्याचे काम तपासणाऱ्यावर आणि त्या दोघांना पुरेशी विश्रांती देणाऱ्यावर.

नाव देण्याचे काम भाषेचे असल्यामुळे त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनीही करावयास हवा. मराठी कारागिराच्या हाती येणाऱ्या आकृतीत व चिठ्ठीत ‘सामान्यतः बंद’ किंवा ‘सामान्यतः उघडा’ अशा द्व्यर्थी संज्ञांवर न थांबता तारेच्या मौनाचा परिणाम सरळ वाक्यात लिहिला जावा. गच्चीवरील टाकीचा स्विच उलट प्रकारे जोडून त्याच्या तारेवर ‘ही तार तुटल्यास पंप थांबेल’ असे लिहिले, तर पुढच्या कारागिरास शब्दाच्या अर्थाविषयी तर्क करावा लागणार नाही. आणि जोडणी कोणी नकळत उलटवली असेल तर त्याने तार सोडवून पाहताच पंप चालूच राहील व वाक्य खोटे ठरेल. चूक उघडी पडण्यास तेवढे पुरेसे आहे.